मालधक्क्याचा उतार

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली आणि आमच्या गल्लीत रेशनची साखर मिळेना. दुकानदार म्हणाला, वरूनच माल आला नाही, खोटं वाटत असेल तर गोदामावर जाऊन बघा. गल्लीतल्या बायकांनी मला पुढं केलं. "बाई, तुम्ही जा. तुम्हाला भांडता येतं." हे कौतुक होतं की टोमणा, ते विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. पिशवी घेतली आणि तरातरा नाशिकरोड स्टेशनच्या मागच्या अंगाला निघाले.

गोदाम म्हणजे रेल्वेचा जुना मालधक्का. काळ्या दगडाची लांबलचक इमारत, वर पत्रा, दोन्ही बाजूंना सरकती दारं. ती इमारत मला नवी नव्हती. तिथं भरणाऱ्या शाळेत मी सात-आठ वर्षं शिकवलं होतं. मधे शाळेला नवी इमारत मिळाली, आम्ही तिकडं गेलो आणि मालधक्क्यात पुन्हा पोती आली. बाहेर एक पोरगा गव्हाच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी उतारावरून वर रेटत होता. "बाई, बाजूला व्हा!" तो ओरडला. मी बाजूला झाले आणि माझी नजर त्या उतारावर गेली. सिमेंटमधे आडव्या खाचा होत्या, वीतभर अंतरावर, आणि खाचांमधे सुतळीचा पीळ अजून स्पष्ट उमटलेला होता.

गोदामाचा माणूस दारातच उभा होता. मी उताराकडे टक लावून बघतेय म्हटल्यावर त्याला वाटलं, बाईंना इतिहासाची आवड दिसतेय.

"साहेबाच्या काळातलं काम आहे, बाई. एक चीर गेली नाही बघा. ब्रिटिशांचा हात वेगळाच होता."

"ब्रिटिशांचं कपाळ!" मी म्हणाले.

 मी त्याला तिथंच उभ्या उभ्या ऐकवायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. मग रिकामी पिशवी घेऊन घरी आले. साखरेचं विचारायचं राहूनच गेलं. गल्लीतल्या बायकांनी त्यावरून मला जे ऐकवलं ते ऐकवलं. पण खरं सांगू का, ज्यानं तो उतार बांधला तो माणूस जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. आणि त्याचं श्रेय कुणा साहेबाला? छे! म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी मूळची येवल्याची. वडील पैठणीच्या मागावर बसायचे. डी. एड. करून मी नाशिकरोडला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि राग नाकाच्या शेंड्यावर होता. आता वय वाढलंय, राग तिथंच आहे. दुष्काळ नुकताच ओसरला होता. त्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी याच मालधक्क्यावर उतरायची, असं हमाल सांगायचे. रात्रंदिवस वाघिणी रिकाम्या व्हायच्या. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. त्याच्या आधी गूळ, सिमेंट, खतं, लासलगावकडून चुकून इकडं आलेला कांदा, काय काय तिथं उतरलं आणि चढलं. मग पलीकडं नवा, मोठा धक्का झाला. जुना ओस पडला. जाताना रेल्वेनं वजनाचा काटा नेला, दिवे नेले, बाबूलोकांसाठी कडेला एक लोखंडी शिडी होती, तीही उपटून नेली. नेला नाही तो फक्त वास. पहिल्या पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की गूळ आणि ओलं गोणपाट यांचा मिळून एक वास यायचा, पोरांना त्यानं भूक लागायची.

अशी ती रिकामी इमारत आमच्या छोट्याशा संस्थेनं भाड्यानं घेतली. पहिली ते चौथी. रुळांपलीकडं हमालांची, गँगमनची, मजुरांची वस्ती होती, तिथल्या मुलांना जवळ शाळाच नव्हती. एक मुख्याध्यापक, एक मी आणि चाळीस पोरं.

आता मालधक्का म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती जमिनीवर टेकलेली इमारत नसते. रुळांच्या बाजूनं वाघिणीच्या दाराशी सपाट आणि रस्त्याच्या बाजूनं बैलगाडीच्या उंचीशी सपाट, असा तो कमरेच्या वर येणारा दगडी ओटा असतो आणि त्यावर खोल्या. पोतं या बाजूनं येतं, त्या बाजूनं जातं. सगळी रचना पोत्याच्या सोयीची. माणसानं कसं चढायचं, याचा विचार करायची कुणाला गरजच पडली नव्हती. आणि शाळा भरवायची ठरली तेव्हा आमच्यापैकीही कुणी तो केला नाही! पहिल्या दिवशी मी नवीकोरी साडी नेसून, हातात हजेरीपट घेऊन त्या ओट्यासमोर उभी. माझ्याभोवती चाळीस पोरं. आणि शाळा वर.

शेजारच्या कडुनिंबाखाली सहा-सात हमाल बसलेले असायचे. नव्या धक्क्यावर तरण्या पोरांच्या टोळ्या लागल्या होत्या, ही उरलेली जुनी टोळी. कुठं ट्रक भरायचा असला तर कुणी बोलवायला यायचं. त्यांच्यातला एक पंचावन्नच्या आसपासचा माणूस उठला. आडवा, काळा, मानेवर पोत्यांनी पडलेला घट्टा. सगळी वस्ती त्याला मामा म्हणायची, मग मीही मामाच म्हणायला लागले.

"बाई, फळी लावू का?" तो म्हणाला.

हमालांची फळी म्हणजे लांब, जाड लाकडी फळी. एक टोक जमिनीवर, दुसरं ओट्यावर. त्यावरून ते पाठीवर क्विंटलभर ओझं घेऊन वर जातात. मी म्हटलं, लावा, त्यात काय! चपला हातात घेतल्या आणि निघाले. मधोमध आले तशी फळी खालीवर व्हायला लागली. तेवढ्यात संस्थेचे चिटणीस, जे उद्घाटनाला म्हणून टोपी घालून आले होते, ते प्रेमानं ओरडले, "बाई, सांभाळून हं!" मी वळून "हो" म्हणाले आणि साडीसकट खाली धुळीत.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मामा मात्र चिटणिसांवर असा खेकसला की त्यांची टोपी हलली.

"फळीवरच्या मानसाला हाक मारायची नाय! कंदीच नाय! हाक मारली की मानूस मागं बघतो, नि मागं बघितलं की गेला. आमच्यातला एक असाच गेला."

नंतर कळलं की हा त्यांचा कायदाच होता. फळीवर कुणी असलं की खाली सगळे गप्प. बिडी पेटवायची काडीसुद्धा ओढायची नाही.

फळी पोरांच्या कामाची नव्हती. एक हात रुंद, त्यात लवणारी. शिवाय टोळी कामाला गेली की फळीही जायची. मोठ्या पोरांसाठी आम्ही दगड रचले, ती उड्या मारून वर जायची. पहिली-दुसरीतल्यांना मामा उचलून वर ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशी त्यानं एकेकाला काखेत धरून उचललं, ओट्यावर ठेवलं आणि सवयीनं मोजलं.

"लाभ! ... दोन! ... तीन!..."

"मामा, एक कुठं गेला?" मी साडीची धूळ झटकत विचारलं.

"पैल्या पोत्याला एक म्हनत नाय, बाई. एक म्हनलं की एकच ऱ्हातं. लाभ म्हनायचं."

त्यांच्या टोळीत एक मुसलमान गृहस्थ होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. ते झाडाखालून म्हणाले, "आमच्यात बरकत म्हणतात, बाई. बात तीच." आणि दोघं हसले. हा त्यांचा रोजचा विनोद असावा.

दुसऱ्या वर्षी ती आली. गँगमनची मुलगी. आई तिला कडेवर घेऊन आली होती. सात वर्षांची मुलगी कडेवर, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. उजवा पाय पोलिओनं गेलेला, काठीसारखा लोंबत होता. आई गोण्यांची तोंडं शिवायच्या कामावर जायची, दाभण केसात खोचलेला असायचा. "हिला बसून शिकता येईल ना, बाई?" एवढंच तिनं विचारलं. बसून शिकायला काय हरकत! बाकीच्यांना बसवता बसवता माझा जीव जातो, ही आपणहून बसणार. मी नाव लिहून घेतलं.

तिला काखेत धरून उचललं की पाय ओट्याच्या कडेला आपटायचा. म्हणून मामानं वेगळी रीत काढली. गोणपाटाची चौपदरी घडी पाठीवर टाकायचा, तिच्यासमोर पाठ करून बसायचा, ती गळ्यात हात टाकायची. मग तिला पाठुंगळी घेऊन फळीवरून वर. फळी तेवढ्यासाठी तो रोज सकाळी लावायचा आणि मग काढून ठेवायचा. तिला नीट बसवून परत यायला वेळ लागायचा, म्हणून पहिला नंबर तिचा. रोज. तिला भिंतीशी टेकवून बसवलं की तो वरूनच आवाज द्यायचा, "लाभ!" आणि मग खाली येऊन दोन, तीन, चार.

त्या पोरीचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा. रोज सगळ्यांत आधी वर जाणारी आपण, आणि आपल्याला नुसतं एक म्हणत नाहीत. एकदा तिला ताप होता, आली नाही. मामानं दुसऱ्या पोराला उचललं आणि दोनपासून मोजायला सुरुवात केली. मला हसू आलं, आणि आवडलंही.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्याच वर्षी शाळा तपासायला शिक्षणखात्याचे साहेब आले. पहिलीच्या वर्गात येऊन म्हणाले, "मुलांनो, एक ते वीस म्हणून दाखवा बघू." वर्ग ताठ उभा राहिला आणि एका सुरात ओरडला, "लाभ! दोन! तीन! चार!..."

साहेबांना वाटलं, चुकून झालं. म्हणाले, पुन्हा म्हणा. पुन्हा लाभ. त्यांनी एका पोराला फळ्याशी बोलावलं आणि एक काढून दाखवायला सांगितलं. पोरानं छान एक काढला. "हे काय आहे?" "लाभ, सर." साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरा लिहिला, 'अंकज्ञान सदोष.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. नोकरी कच्ची होती, शेरा माझ्या नावावर. साहेब गेले तशी मी ओट्याच्या कडेशी आले आणि झाडाखाली बसलेल्या मामाला सगळ्या टोळीदेखत सुनावलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मामा, उद्यापासून मोजायचं नाही! ही शाळा आहे, गोदाम नाही. माझी मुलं म्हणजे तुमची पोती नाहीत!"

मामा उभा राहिला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. "बरं, बाई," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो एक शब्द न बोलता पोरं उचलायला लागला. पहिल्या दिवशी तिनं पाठीवरूनच विचारलं, "मामा, लाभ नाही म्हणालात?" त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि हळूच माझ्याकडे डोळे केले. मी हजेरीपटात डोकं खुपसलं. महिन्याभरात पोरं एकपासून मोजायला शिकली. मी जिंकले होते आणि मला जराही बरं वाटत नव्हतं. पण माफी मागायची? छे. मी तशी नव्हते. आज म्हणू, उद्या म्हणू, असं करता करता दोन वर्षं गेली.

ती तिसरीत गेली तेव्हा शहरातल्या दवाखान्यातून तिला पायाला बांधायची लोखंडी पट्ट्यांची चौकट मिळाली. मांडीपासून टाचेपर्यंत, खाली जाड बूट. त्यानं पाय सरळ राहायचा, गुडघा वाकायचा नाही, पण हातात काठी घेऊन सपाटीवर ती चालू शकायची. चालायला लागली तशी ती वस्तीतून शाळेपर्यंत स्वतः यायची. ठक, ठक, ठक. ओट्यापाशी आली की थांबायची. तिथून पुढं मामाची पाठ.

चौथीच्या पावसाळ्यात तिची आई मधल्या सुट्टीत मला भेटायला आली. 

"बाई, दिवाळीनंतर हिला नाही पाठवत."

"का? काय झालं?"

"अकरावं लागलं हिला. आता हिला असं पाठुंगळी घेऊन, चार लोकांच्या डोळ्यांदेखत... बरं दिसत नाही, बाई. मामांचं काही नाही हो. मामा देवमाणूस आहेत. पण लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण मग आई हळूच म्हणाली, "तिलाच नको वाटतंय. रात्री रडते."

ते खरं होतं. मी बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं होतं. हल्ली मामाच्या पाठीवर ती तोंड लपवायची. मोठी पोरं उड्या मारत बाजूनं जायची आणि एखादा मेला म्हणायचाच, "आलं बघ पोतं!" पोतं हा शब्द त्यांच्या तोंडात मीच घातला होता. मी त्यांना कान पकडून बाहेर उभं करायचे, पण त्यानं काय होणार? मुलगी हुशार होती. अख्ख्या शाळेत तिच्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं. चौथी अर्धवट सोडली असती तर ती घरात बसली असती, गोण्या शिवत, कायमची.

मग मी उठले. चार वर्षं मी चिटणिसांकडे पायऱ्या मागत होते आणि चार वर्षं ते "पुढच्या वर्षी, बाई" म्हणत होते. या वेळी मी त्यांच्या घरी जाऊन बसले. जेवणाची वेळ झाली तरी उठले नाही. त्यांच्या बायकोनं मलाही ताट वाढलं, मी जेवले आणि पुन्हा बसले. शेवटी हात जोडून त्यांनी कागदावर सही केली. सहा पायऱ्यांचं सिमेंट आणि वाळू. मजुरी नाही. मजुरी आमची आम्ही, असं मामाच्या टोळीनं सांगितलं होतं. दगड तिथंच होते, वजनकाट्याच्या पडक्या चौथऱ्याचे.

"सहा पायऱ्या, मामा," मी बजावलं. "दिवाळीच्या सुट्टीत झाल्या पाहिजेत. शाळा उघडेल तेव्हा ती चढून वर गेली पाहिजे."

"व्हय, बाई."

मी एस.टी. पकडून येवल्याला गेले. फराळ करताना मोठ्या ऐटीत वडिलांना सगळं सांगितलं. वडील मागावर बसले होते, पाय खाली खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावडीवर. म्हणाले, "मागाचा खड्डा विणकराच्या पायाचं माप घेऊन खणतात. तुझ्या पायऱ्यांचं माप कुणाच्या पायाचं?" मी म्हटलं, "अण्णा, पायरी ती पायरी. तिला कसलं आलंय माप?" आणि दुसरा लाडू घेतला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी परत आले आणि थेट मालधक्क्यावर गेले. बघते तर पायऱ्या नाहीत. रस्त्याच्या कडेपासून ओट्यापर्यंत लांबच लांब सिमेंटची घसरगुंडी! दगडांची भर घालून वर सिमेंट थापलेलं, आणि त्यावर ओळीनं आडव्या खाचा. टोळी झाडाखाली बसली होती. मामा उठून पुढं आला, चेहऱ्यावर हसू.

"हे काय आहे?" मी विचारलं.

हसू गेलं.

"सहा पायऱ्या सांगितल्या होत्या मी! सहा! चार वर्षं मी या सिमेंटसाठी लोकांचे उंबरठे झिजवले आणि तुम्ही त्याची फळी करून ठेवलीत? फळी सोडून दुसरं काही सुचतच नाही का तुम्हाला? पुन्हा पोतीच चढवायचीत का इथं?"

 चाचा उठले.

"बाई, गुस्सा नका करू. एक मिनिट ऐका. तुम्ही कधी गुडघा न वाकवता पायरी चढलात?"

"म्हणजे?"

"चढून बघा."

झाडाजवळ आधी पोरांसाठी रचलेले दगड पडले होते. मी रागारागानं उजवा पाय ताठ केला आणि दगडावर ठेवायला गेले. पाय वर जाईना. बाजूनं फिरवून आणला तर तोल गेला, झाडाला धरलं.

"सुट्टी लागली त्या दिवशी आम्ही पायऱ्याच आखल्या होत्या," चाचा म्हणाले. "मग याच्या मनात आलं. ह्यानं आपल्या गुडघ्याला काठी बांधली. सुतळीनं, करकचून. अन् पायरी चढायला गेला. पडला. कोपर बघा त्याचं. मग फळी लावली. उभी लावली, चढता येईना. थोडी खाली केली, पाय घसरला. अजून खाली. चार दिवस हा म्हातारा गुडघ्याला काठी बांधून फळीवर चढत होता, उतरत होता. आम्ही हसलो. पण ज्या चढावर ताठ पायानं, काठी टेकत, कुणाचा हात न धरता वर गेला, तोच चढ धरला. म्हणून इतका लांब झालाय. घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटमधे सुतळी दाबली."

मी मामाकडे बघितलं. त्यानं कोपर पाठीमागं लपवलं.

"वझं घेऊन पायरी चढता येत नाय, बाई," तो म्हणाला. "त्या पोरीच्या पायात दोन किलो लोखंड हाय. ते वझंच की."

तोंडात मारल्यासारखी उभी राहिले मी. सहा पायऱ्या मागितल्या होत्या. गुडघा न वाकणाऱ्या मुलीसाठी, सहा! तिला रोज डोळ्यांसमोर बघणारी मी, शिकलेली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाठीवर तिचं ओझं वाहणाऱ्याच्या आलं.  "उद्या लवकर या," एवढंच म्हणाले आणि घरी येऊन भरपूर रडले.

दुसऱ्या दिवशी पोरं जमली. चिटणीस आले, टोपी घालून. हिशेबाच्या पायऱ्या कुठं गेल्या, असं त्यांच्या तोंडावर होतं, पण माझ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. टोळी आली. मामाच्या पाठीवर गोणपाटाची घडी होतीच. "लागलंच तर असावी," तो म्हणाला. मुलगी आली, मागं आई. ठक, ठक, ठक. उताराच्या तोंडाशी मुलगी थांबली. तिनं मामाकडे बघितलं. तो खाली बसला नाही. त्यानं पाठही केली नाही. नुसता बाजूला झाला.

तिनं काठी पुढं टेकवली. मग लोखंडाचा पाय. मग दुसरा.

चिटणिसांनी कौतुकानं तोंड उघडलं. मामानं हात वर केला, आणि त्याच्याआधी मी केला होता. चिटणिसांना चार वर्षांपूर्वीचं आठवलं असावं, त्यांनी तोंड मिटलं. चाळीस पोरं, सात हमाल, एक मुख्याध्यापक, कुणाचा आवाज नाही. यार्डातल्या इंजिनानं तेवढी शिट्टी मारली, त्याला कोण सांगणार! मुलीनं मागं बघितलं नाही. हमालाच्या पाठीवरून तीन वर्षं फळी चढली होती, तिला कायदा ठाऊक होता.

मधोमध तिच्या बुटाचं टोक एका खाचेत अडकलं. ती डुलली. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझ्या तोंडापर्यंत "अगं, जप" आलं होतं, ते मी दातांत धरलं. मामाचा हात आपोआप पुढं गेला आणि अर्ध्यातच थांबला. तिनं काठी थोडी वर सरकवली, बूट उचलला, पुढच्या खाचेवर ठेवला. मग पुढच्या. मग पुढच्या. आणि ती ओट्यावर होती.

तिथं पोचल्यावरच ती वळली. घामानं भिजलेली, दोन्ही डोळे मोठे. ती मामाकडे बघत होती. वाट बघत होती.

मामाचे ओठ हलले. आणि मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी एकदा रागात बोलले होते, तो शब्द त्या माणसानं इतकी वर्षं पाळला होता आणि आजही मोडत नव्हता. माझी लाज वाटली मला, इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले.

"लाभ!"

आवाज फाटला माझा. पण ऐकू गेलं. चाचा मागून "बरकत!" म्हणाले, सगळी टोळी "लाभ!" म्हणाली आणि मग पोरांना कोण आवरणार! "दोन!" करत एक वर पळालं, "तीन!", "चार!", पाचवं-सहावं एकदमच. उचलून घ्यायला कुणीच थांबलं नाही. दोन मिनिटांत खालचं अंगण रिकामं झालं आणि मामा हात मोकळे सोडून तिथं एकटा उभा होता.

"मामा," मी म्हणाले, "माझं चुकलं होतं."

"काय ते, बाई," तो म्हणाला. मग पाठीवरची गोणपाटाची घडी काढली, दोनदा झटकली, आणि स्वतः चालत उतारावरून वर गेला. वर दाराशी त्यानं ती उलगडून नीट अंथरली, पायपुसणं म्हणून. मुलीनं त्यावर काठीचं टोक पुसलं, मग बुटाचा तळ पुसला, आणि ती वर्गात गेली.